सोळाव्या तोटीचं कुंकू

"तुमची जया काय करते हो?" असं देवजी धानक्यांना विचारायचं धाडस किन्हवलीत आता कुणी करत नाही. विचारलं की पुढची गाडी चुकलीच म्हणून समजा. देवजी आधी समोरच्याला हाताला धरून स्टँडवरच्या हॉटेलात बाकावर बसवतात. मग त्याच्याच चहात बोट बुडवून टेबलावर एक थेंब पाडतात.

"हा बघ थेंब. कर ह्याचे हजार भाग."

समोरचा बिचारा मान हलवतो, केले म्हणतो.

"कसले केलेस? तुझ्या बापाला तरी जमतील काय? त्या हजारातला एक, फक्त एक, नेमक्या जागेवर ठेवायचा. आणि एकाच वेळी सोळा तोट्यांतून सोळा! पापणी लवायच्या आत. असं मशीन माझ्या पोरीनं काढलंय, आणि ते आपल्या मुरबाडात बनतं. तीन पेटंट हायत तिच्या नावावर, तीन!"

पेटंट म्हणजे नक्की काय ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर देवजींनाही फारसं नाही. पण ते इतक्या जोरात सांगतात की कुणाची विचारायची टाप नाही.

ह्या गृहस्थाचा जन्म गेला भातसा धरणाचे दरवाजे चालवण्यात. पावसाळ्यात वरून हुकूम आला की दरवाजे उचलायचे, पाण्याचा लोंढा खाली सोडायचा. कानठळ्या बसायच्या. "अर्धी मुंबई माझ्या हातचं पाणी पिते" ही त्यांची तेव्हाची बढाई. त्यामुळे मुलगी थेंबाचे तुकडे करते हे पचायला त्यांना दोनेक वर्षं लागली. बायको, जनाबाई, अजून टोमणा मारते, "बापानं जन्मभर पूर सोडला आणि पोर बघा, थेंब मोजत बसलीय." त्यावर देवजी म्हणतात, "पूर कुणीही सोडंल गो. थेंब सोडून दाखव."

जया शिकली भातसानगरच्या वसाहतीतल्या शाळेत. मग कल्याण, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरायची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. तिथून जर्मनी. तिथं तिनं मोठं पद मिळवलं, हाताखाली माणसं, आज ह्या देशात तर उद्या त्या देशात. पण तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ही मशिनं थेंब टाकतात, पण टाकलेला थेंब बघतं कोण? तिरका पडला, अर्धाच पडला, तरी मशीन आपलं पुढं चाललेलंच. वरच्या साहेबांनी हसण्यावारी नेलं. एवढा बारीक थेंब, एवढा वेग, कोण बघणार आणि कशाला? जयानं राजीनामा दिला. बापाचा तापटपणा आलाय अंगात, दुसरं काय!

मुरबाडच्या एमआयडीसीत तिनं पत्र्याची एक शेड घेतली आणि मशीनला डोळा बसवला. थेंब तोटीतून सुटला की खाली पोचायच्या आत, हवेतच, त्याचा फोटो निघतो. थेंब केसभर जरी वाकडा गेला तरी मशीन जागच्या जागी थांबतं आणि कुठल्या तोटीनं घाण केली तिचा नंबर सांगतं. हे कशाला लागतं? तर रक्त तपासायच्या त्या पट्ट्या असतात, एक थेंब रक्त टाकलं की रेघ उमटते, त्यांच्यावरचं औषध अशा मशीननं टाकतात. तिथं थेंब चुकला तर रेघ उमटत नाही, आणि आजारी पोर ठणठणीत आहे असं सांगून घरी पाठवलं जातं. डोळखांबच्या पाड्यांत सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची पोरं जयानं लहानपणापासून पाहिलेली. तिला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आज तिच्या कंपनीत चाळीसेक माणसं आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिक मुली, सगळ्या मुरबाड-शहापूरच्या गावपाड्यांतल्या. आणि एक आहे भागीदार, शेखर. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. त्याचं तुणतुणं एकच, "पुण्याला चला. मोठं गिऱ्हाईक मुरबाडचं नाव ऐकूनच परत फिरतं." जयानं बरीच वर्षं दाद दिली नाही. पण यंदा हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीनं मशिनं घ्यायची तयारी दाखवली, फक्त आधी येऊन पारख करणार म्हणाले. तेव्हा शेखर म्हणाला, "ह्या खेपेला नापास झालो तर सगळं उचलून पुण्याला न्यायचं. शब्द दे." आणि जयानं दिला शब्द.

हे कळल्यावर देवजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. "पुण्याला पन्नास हजार कारखाने हायत," ते जनाबाईला म्हणाले, "तिथं कोण विचारतंय धानक्याची जया कोण ती? आणि ह्या पोरी कुठं जातील?" पण जयाला ते एका शब्दानं बोलले नाहीत.

पारखीच्या दोन दिवस आधी खंडेनवमी होती. दरवर्षीसारखं मशीनच्या पूजेला देवजींना बोलावलं. जयानं बजावून सांगितलं, "बाबा, बाहेरच्या पेटीला एक बोट कुंकू, एक फूल. मशीनच्या काचेच्या आत हात घालायचा नाही. परवा माणसं यायचीयत. त्यांची अट आहे, आज मशीन बंद केलं की ती येईपर्यंत कुणी शिवायचं नाही. त्यांच्यासमोर थंडं मशीन चालू करायचं."

"मला काय शिकवतीस? जन्मभर दरवाज्यांच्या पूजा केल्यात."

तीच तर गोम होती. धरणावर त्यांना दरवाज्यांवरच्या जुन्या खलाशांनी शिकवलेलं, कुंकू मोटारीला लावून काय कामाचं? मोटार, पेट्या, साखळदंड ह्या सगळ्या सरकारी वस्तू. शक्ती असते ती तोंडाशी, जिथून पाणी सुटतं त्या कडेला. तिथं कुंकू लागलं नाही तर पूजा पोचली नाही. म्हणून दरवर्षी नवमीला देवजी कोरड्या सांडव्यात उतरून प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला बोट टेकवून यायचे. ह्या मशीनच्या पेटीला कुंकू लावताना त्यांचं मन खायला लागलं. एवढी मोठी परीक्षा डोक्यावर, आणि पूजा केली ती पत्र्याची!

सगळे जेवायला गेले. देवजी म्हणाले, "दिवा शांत होईपर्यंत बसतो." मग हळूच उठले. मशीनचं काचेचं दार उघडलं. उदबत्तीची विझलेली काडी ओल्या कुंकवात बुडवली आणि मागच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या तोटीच्या कडेला तिळाएवढं टेकवलं. तोंडात नाही हं, कडेला. तेवढं भान होतं. सोळाही तोट्यांना लावायचा बेत होता, तेवढ्यात मशीनवर काम करणारी बाळी, डोळखांबकडची पोर, बाहेरून ओरडली, "आजा, पुरी गार व्हाया लागली!" देवजींनी दार लावलं. उरलेल्या पंधरा तोट्या तशाच राहिल्या ह्याची चुटपुट त्यांना पुऱ्या खातानाही लागून राहिली होती.

दसरा झाला आणि पारखीचा दिवस उजाडला. हैदराबादहून येमूल मॅडम आल्या. बाई मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे मराठी चोख. पन्नाशीच्या, चेहऱ्यावरची माशीही हलू न देणाऱ्या. देवजी इस्त्रीचा सदरा घालून मशीनच्या खोलीच्या काचेबाहेर बाकावर सकाळपासून हजर. आतलं बोलणं भिंतीवरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं.

बाळीनं मशीन चालू केलं. पांढऱ्या पट्ट्या खालून सरकायला लागल्या. हिरवा दिवा लागला. देवजींनी मनात म्हटलं, लागली बघा शक्ती. एवढं म्हणेपर्यंत टक्कन लाल दिवा लागला आणि मशीन थांबलं.

बाळीनं पुन्हा चालू केलं. पुन्हा लाल.

"कितवी?" जयानं विचारलं.

"सोळावी, मॅडम."

सोळावी म्हणजे मागच्या कोपऱ्यातली, देवजींचीच. बसल्या जागी घाम फुटला माणसाला.

आत शेखर जयाच्या कानाशी लागला, पण भिंतीवर स्पीकर आहे हे तो विसरला. "डोळा बंद कर ना थोडा वेळ. पंधरा चालल्यात ना नीट? चालू दे."

"बंद करायचं बटण नाहीये त्याला," जया म्हणाली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, ठेव एक म्हणून."

"आणि मी तेव्हाच नाही म्हटलं होतं."

येमूल मॅडमनी मान वर करून जयाकडे एकदा पाहिलं.  शेखरचा सगळा संताप मग निघाला बाळीवर. "परवा शेवटची साफसफाई तुझीच ना? हात धुतले होतेस का नीट?"

"धुतलेले, सर. खरंच धुतलेले." बाळीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आता बघा, देवजी गप्प बसले असते तर काय झालं असतं? तोटी पुसली असती, मशीन चाललं असतं, आणि कुणाला कानोकान खबर लागली नसती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण बाळीचं तोंड बघितलं आणि म्हातारा उठला. दोन्ही हातांनी काच बडवायला लागला.

"त्या पोरीला बोलायचं काम नाय! मी लावलंय! मी!"

जया बाहेर आली. तिच्यामागून सगळेच आले.

"काय लावलंय, बाबा?"

"कुंकू."

"कुठं?"

"सोळाव्या तोटीला."

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"आत हात घालू नका म्हणून."

"मग?"

"घातला."

जयानं नुसता कपाळाला हात लावला. देवजींना तेही सहन होईना. ते उलट तिच्यावरच कडाडले, "जन्मभर दरवाज्यांच्या तोंडाला कुंकू लावलं, एक दरवाजा कधी अडला नाय! तुझं मशीनच असलं नखरेल, तिळाएवढ्या कुंकवानं रुसून बसतं, त्याला मी काय करू?" आवाज चढला तो चढला, आणि मग एकाएकी बसलाच. 

शेखर मान हलवत पुटपुटला, "घ्या. म्हणूनच मी पुणं पुणं म्हणतो."

हे मात्र देवजींच्या जिव्हारी लागलं. जे होऊ नये म्हणून देवाच्या पाया पडलो, ते आपल्याच हातानं केलं. पोरीनं एवढ्या कष्टानं उभं केलं, आणि बापानं ते उदबत्तीच्या काडीनं पाडलं. ते भिंतीला टेकले.

तेवढ्यात येमूल मॅडम पुढं झाल्या. "किती लावलं होतं म्हणालात, आजोबा?"

"तिळाएवढं. तिळाच्या निम्मं धरा."

मॅडम आत गेल्या. जयानं त्यांना पडद्यावर सोळाव्या तोटीच्या थेंबाचा फोटो दाखवला. पंधरा थेंब सरळ उभे, हा एक जरासा कलंडलेला. मग तिनं तोटीची कडा पुसली. पांढऱ्या फडक्यावर पुसट लाल ठिपका आला, तोही उजेडात धरल्यावर दिसला.

"एवढ्यानं थांबलं?"

"एवढ्यानं."

येमूल मॅडमनी फडकं स्वतःच्या हातात घेतलं. मग त्यांनी विचारलेला प्रश्न ऐकून शेखरचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या म्हणाल्या, "कुंकू शिल्लक आहे का अजून?"

होतं की. ऑफिसातल्या देव्हाऱ्यात करंडा भरलेला होता.

"मग असं करा बघू. सोळाही तोट्या धुऊन घ्या. नंतर सगळ्यांनी बाहेर जायचं. आजोबा एकटे आत जातील आणि कुठल्याही तीन तोट्यांना कुंकू लावतील. कुणाला सांगायचं नाही, मलाही नाही. मग बघू तुमचा डोळा काय म्हणतो."

 जयानं वडिलांकडं पाहिलं, वडिलांनी तिच्याकडं. "लावा, बाबा," ती म्हणाली. "फसवायलाच लावा, हातचं राखू नका."

देवजींच्या डोक्याला टोपी आणि तोंडाला पट्टी बांधून त्यांना आत सोडलं.  क्षणभर त्यांच्या मनात आलं, जाड गोळाच चिकटवावा, म्हणजे मशीनला पकडायला सोपं जाईल. आपलीच पोर, आपलंच मशीन, कोण बघतंय? पण मग त्यांचा त्यांनाच राग आला. धरणावरचा माणूस मी, असल्या लबाड्या मला शोभतात काय? आणि जया काय म्हणाली? हातचं राखू नका! त्यांनी काडीचं टोक दातानं अणकुचीदार केलं. पाठ काचेकडे केली. चौथ्या तोटीला लावलं, सातव्या, अकराव्या. बारीक, अगदी बारीक. आणि मग काय अंगात आलं कुणास ठाऊक, नवव्या तोटीला, मागच्या अंगाला, त्यांनी काडी नुसती टेकवल्यासारखी केली. लागलं की नाही ते त्यांचं त्यांनाही दिसेना. हे चौथं कुणी सांगितलेलं नव्हतं. हे बापाच्या मनाचं.

मशीन चालू झालं.

लाल. "अकरा," बाळी म्हणाली. देवजींनी काचेबाहेरून मान डोलावली. अकरावी पुसली, पुन्हा चालू केलं. लाल. "चार." पुन्हा पुसलं. "सात."

"तीन झाल्या," शेखर म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला होता. "संपलं."

सातवी पुसून मशीन पुढं चालू झालं. हिरवा दिवा. पट्ट्या सरकत राहिल्या. सगळे एकमेकांकडं बघून हसायला लागले आणि देवजींचा मात्र काचेबाहेर जीव टांगणीला. नववी चालली होती. सरळ चालली होती! म्हणजे मशीन फसलं. सांगावं की गप्प बसावं? न सांगावं तर आतल्या आत आयुष्यभर सलणार, आणि सांगावं तर पोर पुन्हा तोंडावर पडणार, तेही दुसऱ्यांदा आपल्याच हातानं. हिरवा दिवा तसाच. देवजींनी सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. सांगायचंच, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं, आणि टक्कन लाल दिवा लागला.

बाळी गोंधळली. "मॅडम, नऊ म्हणतंय. थेंब आत्ता कलंडला."

"नऊ कशी?" शेखर दचकला. "तीन झाल्या होत्या ना?"

"धरली!" बाहेरून आरोळी आली. "धरली गो बाय! नववी पण धरली!" म्हातारा लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तीन मॅडमनी सांगितलेल्या, चौथी माझी! दिसतपण नव्हती ती! जये, तुझ्या बापाला नाय फसवता आलं गो तुझ्या मशीनला!"

जया काचेपलीकडे उभी होती. ती हसत होती की रडत होती ते पट्टीआड कळायला मार्ग नव्हता, पण तिनं दोन्ही तळवे काचेवर टेकवले होते.

येमूल मॅडमनी तिथंच निर्णय सांगितला. मशिनं घेणार. फक्त त्यांची एक अट होती, आणि ती सांगताना त्या शेखरकडं बघत होत्या. "मशिनं इथंच बनली पाहिजेत. ह्याच माणसांच्या हातून. मी बरेच कारखाने बघितलेत. लाल दिवा लागला की सगळीकडं तो बंद करायचं बटण शोधतात."

शेखर ओशाळला. पण माणूस वाईट नाही म्हटलं ना, त्यानं जाऊन आधी बाळीची माफी मागितली, आणि पुण्याचं नाव त्या दिवसापासून काढलं नाही.

आणि जया? तुम्हाला वाटेल तिनं बापाला मिठी मारली असेल. छे! पाहुणे गेल्यावर तिनं त्यांना असं फैलावर घेतलं की जनाबाईला मध्ये पडावं लागलं. मशीनच्या काचेच्या दाराला दुसऱ्याच दिवशी कुलूप बसलं. "माझ्यासाठी कुलूप?" देवजी चिडले. "तुमच्याचसाठी," जया म्हणाली. मग जरा थांबून तिनं किल्लीची एक प्रत त्यांच्या हातावर ठेवली. "महिन्याला एक मशीन बाहेर पडेल, बाबा. तुम्ही त्याला फसवून बघितल्याशिवाय एकही मुरबाड सोडणार नाही."

तेव्हापासून दर महिन्याला एक दिवस देवजी इस्त्रीचा सदरा घालून किन्हवलीच्या स्टँडवर मुरबाड गाडीची वाट बघत उभे असतात. खिशात कुंकवाची पुडी असते. अलीकडे तर हळदही असते, आणि मागच्या खेपेला म्हणे त्यांनी कोळशाची पूड नेली होती. नव्या नव्या युक्त्या शोधण्यात माणसाची झोप उडालीय. कुणीतरी मुद्दाम छेडतं, "काय देवजीबाबा, कुठं निघालात एवढे नटून?"

"हरायला," देवजी म्हणतात, आणि छाती पुढं काढून गाडीत चढतात.